सुमनबाईंचे एबीजी

सकाळी आयसीयूत राउंडला गेले, तेव्हा सुमनबाईंच्या मनगटावर सुई टोचायला जागा उरली नव्हती. दोन्ही मनगटं काळीनिळी. आणि ड्युटी डॉक्टर परत सिरिंज घेऊन उभा.

सुमनबाई किनवटकडच्या, आश्रमशाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करायच्या. जमिनीवर झोपलेल्या असताना मण्यार चावली. तिच्या विषानं स्नायू लुळे पडतात. श्वास घेता येत नाही, पापणीसुद्धा उचलत नाही. फुप्फुसं मात्र ठणठणीत असतात. विषावरचं औषध देऊन झालं होतं. ताकद परत येईपर्यंत व्हेंटिलेटरनं श्वास द्यायचा, एवढंच आमचं काम होतं.

तरी त्यांचे एबीजी वेड्यासारखे वरखाली होत होते. एबीजी म्हणजे धमनीतलं रक्त काढून त्यातला ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड मोजायचा. धमनीत टोचताना फार दुखतं. कार्बन डायऑक्साइड एकदा जास्त, एकदा कमी. त्या सकाळी हृदयाचे ठोकेही चुकायला लागले.

आमच्या नांदेडच्या हॉस्पिटलचे प्रमुख बिराजदार सर म्हणाले, फुप्फुसात इन्फेक्शन असणार, अँटिबायोटिक वाढवा. एक्स-रे स्वच्छ होता. तो मी दाखवला, त्यांनी पाहिला नाही.

बाहेर सुमनबाईंचे यजमान माधवराव उभे होते. ते हळू आवाजात म्हणाले, "म्याडम, तिला समजून राहिलं सगळं. सुई टोचली की बोट हालतं तिचं."

मला हे माहीत होतं. मण्यार चावलेला माणूस शुद्धीत असतो. पण हे नवऱ्यानं येऊन सांगायची वेळ आली, याचा मला संताप आला.

केबिनमध्ये बसून मी कार्बन डायऑक्साइडचे सगळे आकडे काढले. केऑस थिअरी मी हौसेनं वाचते. तिचं म्हणणं साधं आहे: जे अगदी बेभरवशाचं दिसतं, त्याच्यामागेही कधी कधी पक्का नियम असतो. तो शोधायची एक सोपी रीत आहे. आडव्या रेषेवर आत्ताचा आकडा, उभ्या रेषेवर त्याच्या पुढचा. नियम नसेल तर ठिपके कागदभर विखुरतात. इथं ते एका वळणावर ओळीनं बसले. एवढ्याशा ठिपक्यांवर केऑस सिद्ध होत नाही. पण नियम दिसत होता, आणि तो आजाराचा नव्हता.

तो आमचा होता. आकडा वाढला की ड्युटीवरचा डॉक्टर मशीनचे श्वास वाढवायचा. शरीराला तो बदल पचायला वेळ लागतो. तेवढं न थांबता परत रक्त काढायचं, आकडा घसरलेला दिसला की पुढचा डॉक्टर श्वास कमी करायचा. बाईंना आम्हीच झोके देत होतो.

कागद घेऊन सरांकडे गेले. मी म्हणाले, सेटिंग एकच ठेवू, श्वासाच्या नळीतून दर श्वासाचा कार्बन डायऑक्साइड मशीनवर दिसतोच, सुई बंद.

"मॅडम, नातेवाइकांना काहीतरी होताना दिसलं पाहिजे. नुसतं बघत बसलो तर लोक काय म्हणतील?"

"सर, तिला इन्फेक्शन नाही. तिला आपण झालोय."

ते लाल झाले. जबाबदारी तुमची, म्हणाले. मी ती तिथेच घेतली आणि व्हेंटिलेटरवर चिकटपट्टी लावली: मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. दोन डॉक्टर माझ्याशी बोलेनासे झाले.

संध्याकाळपर्यंत आकडे स्थिर झाले, ठोकेही. पुढे पापण्या उचलल्या, मग हात. नळी काढल्यावर सुमनबाई घोगऱ्या आवाजात मला म्हणाल्या, "लई टोचलं वो तुमी लोकांनी."

पुढे लातूरच्या एका परिषदेत बिराजदार सरांनी माझा आलेख पडद्यावर दाखवला. आमच्या आयसीयूत आम्ही केऑस थिअरी वापरतो, म्हणाले. टाळ्या पडल्या. सोमवारी मी ड्युटीवर आले, तर नव्या पेशंटचं मनगट काळंनिळं, आणि मशीनची सेटिंग सकाळपासून चारदा बदललेली.

मी चिकटपट्टीचं नवं रीळ मागवलं. आयसीयूत काही करायला कुणाची परवानगी लागत नाही. काही न करायचं असेल, तर मात्र भांडावं लागतं.