अकरा तारा आणि अप्पांचा खडू

दुकानापुढं बाकडं टाकलं की किस्से आपोआप साचतात. झाडून काढावं तर बाकड्याखालून आणखी चार निघतात. मी नांदेडात चाळीस वर्षं पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग केलं, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळली. शिक्षण सातवी, तेही परीक्षेला न बसता. डोळे अधू झाले तसं दुकान बंद केलं आन् शेजारच्या अप्पांच्या बेकरीपुढचं बाकडं धरलं. आता धंदा एकच, येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घेणं. लई बरकत आहे.

अप्पा मूळचे उदगीरचे. तीन पिढ्या खारी आणि टोस्ट, तिसरी वस्तू नाही. त्यांची सून सुवर्णा शिरूर अनंतपाळची. सहा वर्षं टोस्ट पॅक केल्यावर तिला लातूरला केकच्या क्लासला जायची परवानगी मिळाली. परत येऊन ती साखरेचे गुलाब करायला लागली. पाकळ्या साखरेच्या, देठ तारेचा. अप्पांनी तिला काचेचं एक कपाट दिलं आणि अट घातली, "तीन तक्रारी. तिसरी आली की कपाटात पुन्हा खारी." हिशेब शटरच्या आतल्या बाजूला, खडूच्या रेघांनी. खडू कायम कोपरीच्या खिशात.

*

तार विकत आणायची म्हणल्यावर अप्पांचा जीव खालीवर झाला. माझ्याकडं आले. "मिस्त्री, तुमची जुनी तार पडून हाय ना?"

मी अगदी गंभीर चेहरा करून पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीतलं एक भेंडोळं काढून दिलं. सुवर्णानं ते दोन बोटांनी उचलून सासऱ्यापुढं धरलं. "मामा, ही बोअरमधून आलीय."

मग तिनं सासऱ्याला शिकवलं. चांगली तारसुद्धा केकात थेट खुपसायची नसते. आधी केकात स्ट्रॉचा तुकडा बसवायचा, त्यात फुलाची तार. कापायच्या आधी सगळं उपटून काढायचं.

अप्पा विचार करून म्हणाले, "शेवटी काढायचंच हाय, तर लावून कशाला राहिली?"

*

पहिली रेघ उमरीच्या एका रिटायर हेडमास्तरांनी ओढायला लावली. त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता. फुलं काढायची, हे सुवर्णानं दोनदा सांगितलं होतं. मास्तरांनी फुलं काढली. केकावर स्ट्रॉ उभ्याच राहिल्या. आता हेडमास्तर म्हणल्यावर मला माहीत नाही असं कसं म्हणणार? त्यांनी पाहुण्यांना समजावून सांगितलं, की ही नवी पद्धत आहे, प्लेटा खराब होत नाहीत. आणि सगळ्यात आधी व्याह्यांना मान दिला.

दुसऱ्या दिवशी मास्तर दुकानात. "चव उत्तम आहे. पण ओढून ओढून व्याह्यांचे गाल दुखले. जरा पातळ करत जा."

*

दुसऱ्या रेघेचं पाप माझ्या डोक्यावर आहे.

बिलोलीच्या एका होतकरू पुढाऱ्याचा वाढदिवस. तीन मजली केक, एकवीस गुलाब. न्यायला आलेला कार्यकर्ता सारखा विचारून राहिला, "काका, आत तार हाय म्हणता, धोका तर न्हाई?" इतका साधा माणूस समोर आल्यावर मी गप्प बसावं, ही अपेक्षा देवानंसुद्धा करू नये. मी म्हणालो, "धोका न्हाई. फक्त अर्थिंग द्या."

त्यानं दिलं! मंडपाशेजारी तीन फूट खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, पाणी ओतलं आणि तिथनं एक तार थेट केकापर्यंत आणून बांधली. पुढाऱ्यानं खड्ड्याकडं बघत, पायात रबरी चप्पल घालून केक कापला. फोटो बिलोलीभर फिरला. दुसऱ्या दिवशी तक्रार आली ती वेगळीच, "अर्थिंगचं सामान डब्यात का दिलं न्हाई?"

मी अप्पांपुढं गुन्हा कबूल केला. अप्पांनी रेघ ओढली. "चेष्टा तुमची, पण तक्रार तिचीच."

सुवर्णानं दोन दिवस माझा चहा बंद ठेवला. तिसऱ्या दिवशी चहा आणून दिला. त्यात साखर नव्हती.

*

मग तिनं मोजणी सुरू केली. डब्याच्या झाकणावर लिहायची, 'तारा अकरा'. अकरा गेल्या तर अकरा परत आल्या पाहिजेत. आणून देणाऱ्याला खारी मोफत. लोक देवाच्या उदबत्त्या मोजाव्यात तशा तारा मोजून आणायला लागले. एका आजोबांनी दहाच ठेवल्या आणि नाकावरचा चष्मा पुढं केला. तुटलेल्या दांडीच्या जागी अकरावी होती. "ही इथंच मोज, बाई. काढली तर मला तू दिसायची न्हाईस."

*

आणि मग आली अप्पांची एकसष्टी. बेकरीच्या वरच घर, पाहुण्यांनी भरलेलं. सुवर्णानं जीव ओतून बिनअंड्याचा केक केला होता आणि पहाटेच बाहेरच्या खोलीत टेबलावर मांडला होता. झाकणावर आकडा, अकरा.

दुपारी अप्पांनी सुरी हातात घेतली. सुवर्णानं एकेक फूल उपटून ताटात ठेवलं. दहा. परत मोजली. दहाच.

"कुणी खायचं न्हाई," ती म्हणाली.

अप्पांच्या व्याह्यांसमोर तिनं तो केक स्वतःच्या हातानं मोडला. पिठाची चाळणी आणली आणि मूठ-मूठ चाळला. रात्रभराच्या मेहनतीचा भुगा परातीत पडत होता. तार काही सापडेना. पाहुणे परातीवर वाकून शोधायला लागले. मीसुद्धा.

अप्पांनी खिशातून खडू काढला. तिसरी रेघ ओढायला खाली दुकानात जायचं म्हणून जिन्याकडं वळले, तेवढ्यात देवघरातनं सासूबाईंचा आवाज आला, "अवो, देवाला मुंग्या कशा काय लागल्या?"

सगळे आत गेलो. पिंडीवर एक लाल गुलाब होता, तारेच्या देठासकट. मुंग्या त्याच्यावर चढत होत्या. पूजेची फुलं वाहायचा मान त्या घरात एकाच माणसाचा. ते अंघोळ झाली की चष्मा न लावता, हाताला येईल ते फूल घेऊन पूजेला बसतात.

सुवर्णा अप्पांपुढं येऊन उभी राहिली. तिनं फक्त हात पुढं केला. अप्पांनी खडू तिच्या हातावर ठेवला आणि पिंडीकडं बघत म्हणाले,

"तरीच म्हणलं, दुपार झाली तरी हे फूल सुकून कसं न्हाई राहिलं!"