हळदीखाली गेलेली फायनल

खरं सांगते, जायचं जिवावर आलं होतं. मार्च महिना म्हणजे शाळेच्या ऑफिसात नुसता रगाडा. सहा दिवस फायली उपसल्यावर सातव्या दिवशी माणसानं झोपावं. आणि मी पहाटे सातारा स्टँडवर उभी. पिशवीत दोन चपात्या, शेंगदाण्याची चटणी आणि डोकेदुखीची गोळी. कशासाठी? तर कुंडलला बास्केटबॉलची फायनल बघायला.

माझी उंची पाच फूट, तीही चपलेसकट. आयुष्यात कधी चेंडू हातात धरलेला नाही. दहा वर्षांपूर्वी कुंडलला एका लग्नाला गेले होते. पंगत लांबली म्हणून शेजारच्या वस्तीवर खेळ चालला होता तो बघत उभी राहिले, आणि लागलं खूळ. तिथली टीम म्हणजे रिटायर झालेले फौजी आणि ऊसवाले शेतकरी. कॅप्टन सुभेदार अण्णा, पलटणीत खेळ शिकून आलेले, आता छप्पन्न वर्षांचे. थंडीत रविवारी मेढा, कुपवाड अशा ठिकाणच्या टीम एकमेकांकडे जाऊन खेळतात. बघायला माणसं येतात, बिडी ओढून जातात. शेवटपर्यंत बसणारी मी एकटी, म्हणून टीमनं माझं नावच 'पब्लिक' ठेवलंय.

ही फायनल चुकवून चालणार नव्हती. अण्णांचा गुडघा पार गेलाय. त्यानंतरच्या गुरुवारी मिरजेला ऑपरेशन होतं, आणि मग खेळ कायमचा बंद. खरं तर फायनल आदल्याच रविवारी होती, पण मला ऑडिटपायी सुट्टी नव्हती. फोनवर अण्णांना सहज म्हटलं, आठ दिवस पुढं जाईल का हो? गेली की! माझं नशीब जोरावर म्हणून मी खूश.

आता जाणाऱ्यांसाठी. साताऱ्याहून कराडला एसट्या सारख्या असतात, बायकांना अर्धं तिकीट. हायवेचं रुंदीकरण चाललंय, त्यामुळं खिडकीपाशी बसाल तर नाकाला रुमाल लावा. मी बसल्या बसल्या झोपले ती कराडलाच उठले. स्टँडवरचा वडा गरम होता, चहा नुसता गोड. तिथून तासगावची गाडी धरायची, ती ताकारीवरनं कुंडलला जाते. दोन्ही बाजूंना ऊस, आणि पुढं ट्रॅक्टर लागला की त्याच्या मागून रांगायचं. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "कुठं निघालाईसा?"

"बास्केटबॉलची मॅच बघायला."

"पोरगं खेळतंय व्हय?"

"नाही."

"मग?"

"नुसतंच बघायला," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडं नीट बघून घेतलं आणि खिडकीबाहेर तोंड केलं.

फाट्यावर उतरून वस्तीपर्यंत वीस मिनिटं चालत. ऊन चढलं होतं, पाय दुखत होते. कोर्टापाशी पोचले आणि जागीच थांबले. या रिंगपासून त्या रिंगपर्यंत कोर्टभर हळद पसरलेली. शिजवलेली, ओली, अजून वाफ येणारी. एक रेघ दिसत नव्हती. आणि अण्णा रिंगखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पाय लांब करून बसलेले.

"अण्णा! हे काय? मॅच कुठाय?"

"मेसेज बघितला न्हाई व्हय? सीझन बंद, ताई. कुपवाडची पोरं गाड्या घिऊन निघालेली, ती पलूसातनं माघारी गेली."

मेसेज सकाळी सातचा होता. मी तेव्हा एसटीत घोरत होते. मला असा राग आला म्हणता! "शेवटची मॅच तुमची! कुणाच्या डोक्यातनं निघालं हे बंद करायचं?"

"माझ्याच. म्याच बंद केला."

मग त्यांनी शांतपणे सांगितलं. कोर्टाचं काँक्रीट झालं ते हळदवाल्यांच्या वर्गणीतून, आणि तेव्हाच ठरलं होतं, वाळवायला हळद आली की खेळ बंद. हळद शिजवायचा कुकर या रानातून त्या रानात नंबरानं फिरतो. यांचा नंबर पुढच्या आठवड्यात होता. मधल्या एकानं आपला नंबर सोडला, काल दुपारी कुकर यांच्याच बांधावर आला आणि रात्रभर हळद शिजली.

"शिजलेली हळद थांबत न्हाई. ढिगात ठेवली तर नासती. चार घरांची हाय, माझी एकट्याची आसती तर बघितलं आसतं."

"पण एक रविवार आधी खेळला असता तर..." मी बोलून गेले.

अण्णा गुडघा चोळायला लागले. शालनवहिनी, त्यांच्या मिसेस, हळद पांगवता पांगवता थांबल्या. "आवं ताई, मागल्या ऐतवारी कोर्ट झाडून तयार हुतं. ह्यांनीच फोन करून समद्यांना थांबवलं. म्हणले, आपली पब्लिक येऊ दे."

"गप की गं," अण्णा म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या एका फोनपायी या माणसाची शेवटची मॅच गेली होती, आणि वर मीच त्याच्यावर ओरडत होते. डोळ्यांत पाणी आलं ते आलंच.

"अण्णा, दोन थ्रो तरी मारा. बसून मारा."

"चेंडू हळदीत पडंल. मऊ हाय अजून, ठेचंल." ते हसले. "रडताय कशाला? आता आलाय तर चपला काढा."

हळद उलथायची ती पायानंच, अनवाणी, पाऊल न उचलता घासत चालायचं, म्हणजे ती ठेचत नाही. दहा वर्षं मी बांधावर बसून खेळ बघितला होता, कोर्टात पाय कधीच टाकला नव्हता. आता दुपारभर या रिंगपासून त्या रिंगपर्यंत फेऱ्या मारत होते. वरून ऊन, खालून गरम हळद, कंबर मोडायची वेळ आली. अण्णा खुर्चीतनं ओरडत होते. "तितं थांबा! मेढ्याच्या मॅचचा शेवटचा बॉल तितनंच मारला हुता." पुन्हा दोन पावलं गेले की, "हां, हितं पडलो हुतो. हितंच गुडघा गेला." सगळं मी बघितलेलं होतं. तरी प्रत्येक ठिकाणी थांबले.

वहिनींनी भाकरी, पावट्याची आमटी आणि ठेचा वाढला. एवढी भूक मला वर्षात लागली नव्हती. संध्याकाळच्या गाडीनं परत निघाले तेव्हा अण्णा फाट्यापर्यंत येतो म्हणत होते. मी दटावून बसवलं.

सोमवारी ऑफिसात शिपाईमामांनी माझे पाय बघून विचारलं, "बाई, कुणाची हळद होती?" दोनदा साबण लावूनही तळवे पिवळेच होते. मी म्हटलं, जवळच्यांची.

शनिवारी मिरजेहून अण्णांचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं, आवाज मात्र थकलेला. मी माफी मागायला लागले तर मला बोलूच देईनात. म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. पुढल्या साली बांधावर माझी जागा धरा, तुमच्या शेजारी. नुसतं बसून बघायला जमंल का, त्याचीच धास्ती वाटतीया."

"जमेल. मी शिकवते."

फोन ठेवला आणि पुढच्या वर्षीच्या रजेचा अर्ज लिहून ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. तारीख मोकळी सोडली आहे. ती आधी हळदवाल्यांना विचारून घालीन.