श्रीखंडाच्या डब्याची सेवानिवृत्ती

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या स्वयंपाकघरातला श्रीखंडाचा डबा आज सेवानिवृत्त होत आहे. श्रीखंड संपल्यावर त्याने रवा सांभाळला, मग मेथ्या, मग सुयादोरे. झाकण तडकलं तेव्हा कुठे बायकोने मन घट्ट केलं.

सुक्या कचऱ्यात टाकण्याआधी मी त्याला उपडा केला. बुडाशी बाणांचा त्रिकोण आणि आत पाचाचा आकडा, थेट साच्यातूनच उमटलेला. म्हणजे हे प्लॅस्टिक कोणतं आणि पुढल्या जन्मासाठी कोणत्या ढिगात जायचं, ते याच्या अंगावर जन्मतःच कोरलेलं! मला हेवाच वाटला. आपल्या तळपायावर असं काही असतं, तर ज्योतिष्यांनी दुकानं बंद केली असती.

कौतुकाने तो त्रिकोण बायकोला दाखवायला गेलो. तिने डबा हातात घेतला, उलटासुलटा केला आणि एकदम ओरडली, "अहो, झाकण तडकलंय, डबा नाही! कोथिंबीर लावू की यात!"