शनिवारी चारचा नमुना

नळाला आलेलं पाणी शुद्धच असणार, असं शरयू पाध्ये यांना आयुष्यात कधी वाटलं नाही. नागपूरला पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढलेली बाई. लोक पाणी प्यायचे, या त्याच्याकडे चोराकडे बघावं तशा बघायच्या. निवृत्त झाल्या, नजर तीच राहिली.

२००६च्या उन्हाळ्यात त्या अ‍ॅरिझोनात मुलाकडे आल्या. दुसऱ्याच दिवशी सून विनीता त्यांना आणि चार वर्षांच्या नेत्राला स्प्लॅश पॅडवर घेऊन गेली. भर वाळवंट, पंचेचाळीस डिग्री ऊन आणि सिमेंटच्या जमिनीतून उडणारी कारंजी. पोरं तोंडं उघडी टाकून नाचत होती. डायपरवालीसुद्धा.

"हे पाणी जातं कुठे गं?"

"जाळीतून खाली. फिल्टर होऊन परत येतं, आई."

"म्हणजे तेच पाणी?"

"सिटीवाले टेस्ट करतात सगळं."

"कोण करतं? कधी करतं?"

"आई, प्लीज!"

आठवड्याभरात नेत्राचं पोट बिघडलं. विनीताने बोट ठेवलं ते शरयूताईंच्या घरी विरजलेल्या दह्यावर. आधी दही बंद, मग ताकभात बंद, मग आजीने भरवणंच बंद. भांडायला शरयूताई कमी नव्हत्या, पण पुराव्याशिवाय भांडत नसत.

घरामागच्या पूलसाठी मुलाने, प्रसन्नने, कागदी पट्ट्यांची डबी आणली होती. पाण्यात जंतू मारणारं क्लोरीन असलं की पट्टी जांभळी होते, नसलं की पांढरीच राहते. मंगळवारी सकाळी आठला त्यांनी एक कारंज्याखाली धरली. गडद जांभळी.

"बघा!" विनीता हसली. "आता दह्याची टेस्ट करायची का?"

टोमणा झोंबला. दोन दिवस शरयूताई स्वतःच्याच विरजणाकडे संशयाने बघत राहिल्या. गुरुवारी पोळ्या लाटता लाटता त्या एकदम स्वतःवरच चरफडल्या. जन्मभर हाताखालच्यांना बजावलं, की नमुना घ्यायचा तो पाण्यावर सगळ्यांत जास्त ताण असताना, गर्दीने क्लोरीन खाऊन टाकलेलं असताना. आणि स्वतः गेल्या कधी, तर सकाळी आठला, तिथे चिटपाखरू नसताना!

शनिवारी चार वाजता पॅडवर साठेक पोरं होती. शरयूताईंनी विनीताच्या डोळ्यांदेखत पट्टी भिजवली. पांढरी. दुसरी भिजवली. तीही पांढरी.

"एक्सपायर झाल्या असतील," विनीता म्हणाली.

"असतील ना. त्या पिण्याच्या नळाखाली धरून बघ. तूच धर."

विनीताने धरली. पट्टी जांभळट झाली. ती गर्रकन वळून ओरडली, "नेत्रा! आउट! नाऊ!"

"बट आजी सेड—"

"आजीने काही सेड केलेलं नाही. चल!"

विनीताने पॅडच्या फलकावर लिहिलेल्या सिटीच्या नंबरवर फोन लावला. मशिनने निरोप ठेवायला सांगितलं. तिने पट्ट्यांच्या रंगांसकट, वेळेसकट सविस्तर निरोप ठेवला. शरयूताई कान देऊन ऐकत होत्या. वेळ चुकीची सांगते की काय, म्हणून.

गाडीत नेत्रा रडून रडून झोपली. विनीता रस्त्यावरून नजर न हलवता म्हणाली, "आई, सोमवारपासून हिचं जेवण तुम्हीच बघा. दहीसुद्धा. मला सकाळच्या मीटिंग्ज आहेत."

ही माफी की कामाची वाटणी, असा संशय शरयूताईंना आलाच.

"बघते," त्या म्हणाल्या. "पण दूध घट्ट आण. ते दोन टक्के फॅटवालं पाणचट नको मला."