चिंचेच्या बनातली गयाबाई

गयाबाई रोज भर दुपारी खराटा बाजूला ठेवायची, चिंचेच्या बनात जायची आणि जमिनीला कान लावून पडून राहायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला चक्कर आली असं वाटलं. हात धरून उठवायला गेले, तर म्हणाली, "थांबा मॅडम. चंद्री बोलायलीय."

चौसाळ्याजवळच्या जहागीरदारांच्या बागेचं सरकारनं वनउद्यान केलं होतं आणि वनरक्षक म्हणून माझी तिथं नेमणूक झाली होती. सत्तरीची गयाबाई तिथं रोजंदारीवर झाडायची. चंद्री तिची थोरली बहीण, जहागीरदारांकडे मोलकरीण. एका दुपारी बनातल्या आडावर पाण्याला गेली ती परतलीच नाही. दुसऱ्या दिवशी आडावर फरशा टाकून माती लोटलेली. "कुणी इचारलं न्हाई. आमी इचारणारे कोण?" गयाबाई सांगायची. पुढं मालक शहरात गेले, बाग माजली. ही मात्र बाग सोडून गेली नाही.

एकदा तिच्या शेजारी मीही कान लावला. मे महिना असून माती गार होती. खालून, खूप खालून, दगडावर घागर टेकल्यासारखा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा. मी झटकन उठले.

"ऐकलं न्हवं?" ती म्हणाली. "कुणाला सांगू नका. हासतेत लोकं."

मग फिरायच्या वाटेसाठी बनातून चुन्याची फक्की टाकली गेली. गयाबाई त्या पांढऱ्या रेघेवर जाऊन बसली. "हितं खाली आड हाय," म्हणाली.

"मावशी, नकाशात आड नाही," वाटेचं काम बघणारे इंजिनिअर म्हणाले.

"नकाशा मालकानंच दिला असंल, सायेब."

आवाजाचं सांगायचं मला धाडस झालं नाही. आधी पहार मारून बघू, एवढंच मी म्हणाले. हातभर खोलीवर फरशी लागली. पुढच्या घावाला ती फुटली आणि पहार मजुराच्या हातून निसटून खाली गेली. ती आपटल्याचा आवाज फार उशिरा आला.

पोलिसांनी हाडांचा सापळा वर काढला. गयाबाईनं बहिणीसाठी हिरवं लुगडं आणलं होतं. ते हातात घेऊन ती बराच वेळ सापळ्याच्या पायांकडे बघत राहिली. पायात चांदीचे जाड तोडे होते.

"ही चंद्री न्हाई," ती हळूच म्हणाली. "मोलकरणीच्या पायात तोडे कुठले, मॅडम?"

ती कोण, हे कुणालाच कळलं नाही. गयाबाईनं लुगडं तिच्यावरच पांघरलं. "हिचीबी कुठंतरी भईण असंल," म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात गयाबाई वारली. चंद्री आम्हाला अजून सापडलेली नाही.