एकतीस रेडिओंची खोली

उजवा हात रेडिओच्या पोटात आणि डावा हात पँटच्या खिशात. काका काम करत असले की असेच दिसायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस रुबाब करतोय. मी तसं तोंडावर बोललेही. तीस वर्षं बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवलं की जिभेला लगाम राहत नाही.

"रुबाब न्हाई ताई," काका म्हणाले. "आत लई करंट असतो. दोनी हात घातले आन् चुकून लागला, तर ह्या हातातून त्या हातात जाताना छातीतून जातो. म्हनून एक हात घरी ठेवायचा."

हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवत होते, पण रोज पाळणारा माणूस पहिल्यांदाच बघत होते.

जुन्या वस्तूंनी झपाटलेला असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आमच्या केडगावात हे काका होते. मूळचे पाथर्डीकडचे, नागापूरच्या एका कारखान्यात मोटार वाइंडिंग करून निवृत्त झालेले. वेड एकच, व्हॉल्व्हचे रेडिओ. ट्रंकेएवढं लाकडी खोकं, पुढे जाळीदार कापड, आत काचेचे बल्बसारखे व्हॉल्व्ह. ते तापून लाल झाल्याशिवाय रेडिओ बोलत नाही. बटण दाबल्यावर अर्धा मिनिट तरी वाट बघावी लागते. माझ्यासारखी उतावीळ बाई लगेच बटणं पिरगाळायला लागली की काका म्हणायचे, "थांबा, आधी तापू द्या." रेडिओच नव्हे, चहा, भांडण, लग्नाची बोलणी, सगळ्याला त्यांचं हेच औषध होतं.

घराच्या पुढच्या खोलीत तिन्ही भिंतींना फळ्या होत्या आणि फळ्यांवर एकतीस रेडिओ. खोलीला दार नव्हतं, चौकट तेवढी होती. मी चिडवायचे, "काका, तुम्ही काय शनिशिंगणापूरचे का? कुणी उचलून नेलं म्हणजे?"

"आमच्या गावात पंचायतीचा एकच रेडू हुता," ते म्हणाले. "त्याला पेटी, पेटीला कुलूप, किल्ली सरपंचाकडं. सरपंच गावाला गेला की सगळं गाव मुकं. तवाच ठरवलं, आपल्या रेडूला दार नको."

दर रविवारी ते प्रत्येक खोक्याला खोबरेल तेलाचा हात फिरवायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला रेडिओ ऐकवायचे तो मात्र टेबलावरचा वेगळा, एकच. बाकीच्यांकडे मी बोट दाखवलं की म्हणायचे, "झोपल्यात. झोपू द्या." मीही कधी हट्ट केला नाही. काचबिंदूनं माझ्या आईचे डोळे गेले तेव्हापासून घरी रेडिओ दिवसभर चालूच असतो, त्यामुळे मला आणखी आवाजाची हौस नव्हती.

आईचा रेडिओही तसलाच, वडिलांनी घेतलेला. एक दिवस तो खरखरला आणि बंद पडला. मी नवा छोटा आणून दिला, तर तिनं तो उशीखाली सारला. "ह्यात माणसं डब्यातून बोलतात," म्हणाली. चार दिवस ती धड कुणाशी बोलली नाही. मी रेडिओ काकांकडे नेला. त्यांनी पाठ उघडली, डावा हात खिशात घातला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "आवाजाचा वॉल गेलाय. स्पीकरबी फाटलाय. बघतो कुठं मिळतो का."

आठ दिवस गेले. मी रोज सकाळी कॉलेजला जाताना विचारायची, रोज ते मान खाली घालून "बघतो" म्हणायचे. मध्येच काकू शेंगदाण्याची चटणी घेऊन आईला भेटून गेल्या. नवव्या दिवशी रेडिओ वाजता होऊन घरी आला. "मिळाला. पुन्याला एकाकडं हुता," काका म्हणाले. आणि मी काय म्हणाले असेन? "काका, किती दिवस लावलेत!" आभारही मानले, नाही असं नाही, पण आधी हे म्हणाले.

मग मागच्या डिसेंबरात आमच्या कॉलेजचं विज्ञान प्रदर्शन ठरलं. माझ्या डोक्यात आलं, काकांचे एकतीस रेडिओ हॉलमध्ये मांडायचे, एकाच वेळी चालू करायचे आणि सगळ्या मुलांनी अर्धा मिनिट श्वास धरून वाट बघायची. प्राचार्य खूश. निमंत्रणपत्रिकेत छापून आलं, गावातल्या मान्यवरांना बोलावलं गेलं. काकांना सांगितलं तर ते नुसतं "बघू की" म्हणाले. मी त्याचा अर्थ हो असा घेतला. उत्साहाच्या भरात मला सगळ्याचा अर्थ हो असाच लागतो.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी टेम्पो घेऊन गेले. काका गिरणीवर गेले होते, काकू आत कणीक मळत होत्या. खोलीला दार नव्हतंच. म्हटलं, ते येईपर्यंत निम्मं काम उरकू. सगळ्यात मोठा रेडिओ मधल्या फळीवर होता, काळसर लाकडाचा. टेम्पोवाल्याला म्हटलं, "दोघं मिळून धरू, जड असतो." मी आपली पदर खोचून पाय रोवून उभी. जोर लावला आणि रेडिओ सुपासारखा वर आला. मी मागच्या मागे टेम्पोवाल्यावर आदळले.

पाठीचा पुठ्ठा काढला. आत काही नव्हतं. व्हॉल्व्ह नाही, ट्रान्सफॉर्मर नाही, स्पीकर नाही. छताला आतून एक कागद चिकटवलेला होता, कंपनीचा नकाशा असेल म्हणून मी बघितलाही नाही. शेजारचा उचलला, हलका. त्याच्या शेजारचा, हलका.

"काकू, चोरी झाली!" मी ओरडले. "कुणीतरी आतलं सगळं काढून नेलंय!"

काकू कणकेचे हात घेऊन चौकटीत आल्या. त्या दचकल्या नाहीत हे मला तेव्हाही जाणवलं. "त्यांना येऊ द्या," एवढंच म्हणाल्या.

काका सायकलवर पिठाचा डबा घेऊन आले. उघडी खोकी पाहिली. डबा खाली ठेवला आणि डावा हात खिशात घातला.

"चोरी न्हाई ताई. मीच काढलंय."

"विकलंत?"

"न्हाई. लोकास्नी लागत हुतं."

पुढचं मी ऐकूनच घेतलं नाही. प्राचार्य, पत्रिका, मान्यवर, सगळं डोळ्यांपुढे नाचत होतं. "इतकी वर्षं रिकामी खोकी दाखवत होतात मला?" मी म्हणाले. "एकतीस रेडिओ म्हणे! फसवलंत तुम्ही. उद्या सगळ्या गावापुढे माझं हसं होणार."

"वाजतात असं मी कवा म्हनलो, ताई?" ते हळूच म्हणाले. खरं होतं, आणि खरं असल्यामुळे मी आणखी भडकले. तेव्हा ते म्हणाले, "पन व्हय. आधी सांगाय पायजे हुतं. हे फसवनंच झालं."

"आधी तापू द्या" हे त्या दिवशी त्यांनी म्हटलं नाही. मी रिकामा टेम्पो घेऊन निघाले. प्रदर्शनात आमच्या टेबलावर जुने तक्ते लावले. त्यानंतर पाच महिने मी त्या गल्लीतून गेले नाही, कॉलेजला लांबच्या रस्त्यानं जायची. एकदा बाजारात काका समोरून आले. मी कोथिंबिरीची जुडी उलटीसुलटी करत बसले, ते जाईपर्यंत.

मे महिन्यात एका सकाळी चहा पिता पिता ते गेले. गल्लीत कुजबुज झाली की करंट लागला. करंट कसला लागतोय त्या माणसाला! हृदयच थांबलं. मी गेले, कोपऱ्यात उभी राहिले आणि परत आले. काकूंच्या डोळ्याला डोळा भिडवायची हिंमत झाली नाही.

तेराव्यानंतर काकूंनीच फोन केला. "मुलगा म्हनतोय, जागा अडते, खोकी भंगारात देऊ. तुमी शिकवता, तुमास्नी काय पायजे तर बघून घ्या."

मी गेले. एकेक पाठ उघडायला लागले आणि या वेळी तो कागद नीट पाहिला. कंपनीचा नकाशा नव्हता. काकांचं अक्षर होतं, पेन्सिलीचं. 'मागचा वॉल मिरी गावच्या गुरुजींना. त्यांना बातम्या लागतात.' दुसऱ्यात, 'ट्रान्सफार्मर टाकळीच्या आजीला. लेक लांब असते.' तिसऱ्यात, 'स्पीकर भिंगारच्या शिंप्याला. गान्याशिवाय मशीन चालत न्हाई म्हनतो.' तीस खोक्यांत तीस कागद. काहींवर पाच-पाच, सहा-सहा माणसं. बाजारात जे कुठेच मिळत नव्हतं ते सगळं या खोलीतून गेलं होतं, आणि प्रत्येकाला एकच उत्तर गेलं असणार, पुण्याला एकाकडं हुता.

शेवटी काळसर लाकडाचा, मधल्या फळीवरचा. त्यातली पहिलीच ओळ होती. 'आवाजाचा वॉल आन् स्पीकर ताईंच्या आईला. त्यांना दिसत न्हाई.' उरलेलं नंतर कुणाकुणाला दिलं ते त्याखाली लिहिलं होतं, पण ते मला वाचताच आलं नाही. मी फरशीवर बसकण मारली. पाच महिन्यांपूर्वी हेच खोकं माझ्या हातात होतं आणि हाच कागद डोळ्यांसमोर होता.

"त्यो माझ्या लग्नातला," काकू म्हणाल्या. "माझ्या वडलांनी दिलता. बाकी कशाला त्यांनी मला इचारलं न्हाई, ह्याला इचारलं. आठ दिवस इचारत हुते, मी आठ दिवस न्हाई म्हनत हुते. मग म्हनलं, बघून तरी येऊ. चटनी घिऊन आले तुमच्याकडं. तुमची आई भिंतीकडं तोंड करून पडलीती. घरी आले आन् म्हनलं, काढा."

आठ दिवस. मी काकांना म्हणाले होते, किती दिवस लावलेत.

"काकू, मी तो स्पीकर, व्हॉल्व्ह आजच काढून आणते," मी म्हणाले. "तुमचं आहे, तुमच्याकडे वाजू दे. आईला मी समजावेन." मला रडू आवरत नव्हतं आणि ते लपवावं असंही वाटत नव्हतं. "मी त्यांना काय काय बोलले हो."

"त्यांनी राग न्हाई धरला. म्हनले, ताई बरूबर बोलल्या." काकूंनी खोक्यावरून हात फिरवला. "प्रदर्शनाच्या आधी म्हैनाभर पुन्याच्या भंगार बाजारात चकरा मारत हुते. निदान धा तरी वाजवून दावतो म्हनायचे. कायबी घावलं न्हाई. तुमी काढू नका ताई. फकस्त एकदा ऐकाय येऊ का मी?"

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू आल्या. आईच्या खाटेजवळ खुर्ची टाकून दिली. एक हात पदराखाली धरून मी दुसऱ्या हातानं बटण दाबलं. काकू ताठ बसल्या होत्या. काहीच वाजेना.

"बिघडला का पुन्हा?" आईनं विचारलं.

"नाही गं. तापू दे."

पाठीच्या भोकांतून आतला तांबडा उजेड भिंतीवर दिसायला लागला. मग घुमल्यासारखा आवाज आला आणि एक गृहस्थ डाळिंबावरच्या रोगाची माहिती सांगू लागले. कोणतं औषध, किती पाण्यात, किती दिवसांनी फवारायचं. काकू जराही न हलता ऐकत होत्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला.

"ह्योच," त्या म्हणाल्या. "ह्योच आवाज."

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि मला म्हणाली, "अगं, मोठा कर ना जरा. त्यांनाही ऐकू दे."