मागच्या सीटवरची वाळू

खरं तर मी आधी दुसरीच गाडी ठरवली होती. पांढरी, साधी, रत्नागिरी स्टेशनच्या बाहेर ताब्यात मिळणारी. सहज म्हणून मोबाईलवर आणखी गाड्या बघत होते, तर एक फोटो आला. लाल गाडी, मागे चिऱ्याचं गेट आणि गेटाच्या दोन खांबांवर सिमेंटचे दोन सिंह. डाव्या सिंहाचा कान तुटलेला. मी अकरा वर्षांची होते तेव्हाही तो तुटलेलाच होता.

मी पनवेलला एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क आहे. गाडी चालवायला चाळिशीनंतर शिकले. बाबा पावसच्या वाटेवरच्या आमच्या बौद्धवाडीत एकटेच राहतात, आता शहात्तर वर्षांचे आहेत. गेल्या हिवाळ्यात चार दिवसांची रजा टाकून त्यांना घेऊन किनारे फिरायचे असं मी ठरवलं होतं. अर्धं आयुष्य त्यांनी लोकांना समुद्रावर नेऊन सोडलं, पण स्वतः कधी पाण्यात उतरले नाहीत.

त्या सिंहवाल्या घराची जीप बाबांनी बावीस वर्षं चालवली. घर आंबा बागायतदाराचं. मालकांना सगळे अण्णा म्हणत. त्यांच्याकडे मुंबई-पुण्याचे व्यापारी, नातेवाईक, साहेब लोक उतरायचे आणि बाबा त्यांना गणपतीपुळ्याला, मांडवीला, भाट्याला न्यायचे. पाव्हणे पाण्यात जायचे, बाबा जीपपाशी उभे राहायचे. पाव्हणे परत आले की पाय पुसायला त्यांना फडका द्यायचे आणि घरी आल्यावर सीटखालची वाळू झाडून काढायचे.

आईला एकदा समुद्र जवळून बघायचा होता. समुद्र आमच्या वाडीपासून तासाभराच्या चालीवर, पण शेतातली आणि दुसऱ्याच्या बागेतली कामं टाकून बाईमाणूस नुसतं समुद्र बघायला कुठे जातं? एके दिवशी पाव्हण्यांना पावसला जेवायला सोडून बाबा रिकामी जीप घेऊन वाडीत आले. म्हणाले, "चला दोघी. दोन तास हायेत." गणेशगुळ्याच्या वरच्या सड्यावर, उघड्या कातळावर, त्यांनी जीप लावली. ते तिथेच थांबले, आम्ही दोघी खाली उतरून गेलो. आई गुडघाभर पाण्यात उभी राहिली. लाट मागे फिरताना पायाखालची वाळू सरकली की ती माझा दंड घट्ट धरायची आणि हसायची. परतताना खडकाळ वाटेवर जीपला हिसका बसला आणि तिची एक बांगडी फुटली. तुकडे तिने वेचून घेतले. सगळे नाही सापडले.

दुसऱ्या दिवशी बाबा डबा घरीच विसरून गेले, म्हणून तो द्यायला मी त्या घरी गेले. गेटातूनच सगळं दिसलं. जीप अंगणात होती. ओटीवर पाव्हणे चहा पीत बसले होते. अण्णांच्या तळहातावर हिरव्या काचेचा तुकडा होता.

"तुझी माणसं बसली होती ना या सीटवर? माझे पाव्हणे बसतात तिथे?"

गड्याने विहिरीचं पाणी ओतलं आणि बाबांनी सीट घासली. अण्णा म्हणाले, "परत." बाबांनी परत घासली. मग अण्णा आतून तांब्या घेऊन आले. आंब्याच्या पानाने त्यांनी गोमूत्र शिंपडलं, आधी सीटवर, मग स्टिअरिंगवर आणि मग पाव्हण्यांकडे बघून हसत बाबांच्या अंगावर. एक पाव्हणी खुदकन हसली. बाबांच्या निळ्या सदऱ्यावर डाग पडले. त्यांनी मला पाहिलं आणि मान फिरवली.

डबा गेटाशी ठेवून मी पळाले. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं. त्या दिवशी ती जेवली नाही आणि पुन्हा कधी समुद्रावर गेली नाही. कुणी चल म्हटलं तर म्हणायची, "कशाला? हितूनच आयकू येतो की." बाबांनी नोकरी सोडली नाही, कारण मी शिकत होते. आई जाऊन आता सहा वर्षं झाली.

मी पांढरी गाडी रद्द केली आणि लाल घेतली.

गाडी ताब्यात द्यायला अण्णांचा मुलगा आला. माझ्याहून लहान, बोलायला गोड. बागेबरोबर आता घरात पर्यटकांसाठी खोल्या काढल्या होत्या, दोन गाड्या भाड्याने देत होता. माझं नाव त्याने कागदावर वाचलं, त्याला काही कळलं नाही. ओटीवर आरामखुर्चीत एक म्हातारा बसला होता, मांडीवर शाल, डोळ्यांना जाड चष्मा. तेच ते. मी टक लावून बघत राहिले.

"एकच विनंती ताई," मुलगा म्हणाला, "वाळूचे पाय घेऊन गाडीत नका बसू. सीट नव्या आहेत."

"बरं," मी म्हटलं.

पहिल्या दिवशी आम्ही आरे-वारेला आणि गणपतीपुळ्याला गेलो. गाडी कुणाची ते बाबांना मी सांगितलं नव्हतं. आरे-वारेच्या चढावर, जिथून दोन्ही किनारे एकदम दिसतात, तिथे ते पुढच्या सीटवर ताठ बसून घाटातली वळणं मोजत होते आणि मला सांगत होते, "हॉर्न दे गो बाय, पुढनं ट्रक येतोय." खाली उतरल्यावर मी पाण्याकडे निघाले. मागे वळून बघते तर बाबा गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे.

"चला की."

"तू जाऊन ये. गाडीजवळ कोण तरी थांबाया हवं."

मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. ते कसे उभे होते ते मला आजही दिसतं. गाडी कुणी चोरणार नव्हतं. तरी ते तिथे पाऊण तास उभे राहिले. मी परत आले तर त्यांनी आपला टॉवेल माझ्यापुढे धरला. "पाय पूस, मग बस."

मी पाय पुसले नाहीत. उलट त्यांची पाठ वळल्यावर ओढणीतून आणलेली ओली वाळू मागच्या सीटवर आणि पायपुसण्यांखाली ओतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मिरकरवाड्याला मासळीचा लिलाव संपताना बंदरावर गेले, बांगडे घेतले आणि पिशवीचं तोंड न बांधता डिकीत टाकले. दुपारपर्यंत मुद्दाम गाडी उन्हात ठेवली. किती पोरकट वाटतं हे आता लिहिताना! पण तेव्हा मला एवढंच सुचत होतं, आणि त्यातून सुख मिळत होतं हेही खरं.

"गो, डिकीतनं पाणी गळतंय," बाबा म्हणाले.

"गळू दे."

त्यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. मग फडका शोधायला म्हणून समोरचा कप्पा उघडला. त्यात गाडीचे कागद होते, वर मराठीत छापलेली भाड्याची पावती, मालकाच्या नावाची. बाबा चौथी शिकलेत, नावं वाचता येतात त्यांना. ते नाव त्यांनी मनातल्या मनात वाचलं, ओठ तेवढे हलले. कागद घडी घालून परत ठेवला आणि कप्पा बंद केला.

भाट्याच्या पुलावर म्हणाले, "तुला ठाव व्हतं?"

"हो."

"म्हणून घेतलीस?"

"हो."

"मला का नाय सांगितलंस?"

"तुम्ही बसला नसतात."

"बसलो असतो," बाबा म्हणाले. "मागं बसलो असतो. थांबव."

पूल ओलांडल्यावर मी गाडी कडेला घेतली. ते उतरले, मागचं दार उघडलं. सीटवरची वाळू त्यांनी पाहिली, तिच्यावरच बसले आणि दार लावून घेतलं. मी आरशात बघितलं. खिडकीची काच खाली घेऊन, सीटच्या पाठीवर हात पसरून ते बसले होते, बावीस वर्षं त्यांनी आरशात पाहिलेल्या माणसांसारखे.

"गणेशगुळ्याला घे," ते म्हणाले.

आता तिथे खालपर्यंत रस्ता जातो. बाबा गाडीपाशी थांबले नाहीत. पँट दुमडायचेही कष्ट न घेता सरळ पाण्यात गेले, कमरेपर्यंत, आणि मला भीती वाटेपर्यंत तिथेच उभे राहिले. परत आले ते ओलेचिंब, पोटऱ्यांना वाळू चिकटलेली. मी टॉवेल पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि तसेच मागच्या सीटवर बसले. नव्या सीटच्या कापडात पाणी मुरलं.

तिसऱ्या दिवशीही आम्ही हिंडलो. कशेळीचा कडा पाहिला, येताना वाटेत घावणे खाल्ले. बाबा खुशीत होते, म्हणजे निदान बोलत तरी होते. गाडी चौथ्या दिवशी संध्याकाळपर्यंत परत करायची होती.

"संध्याकाळी नको," बाबा म्हणाले. "सकाळी जाऊ. पाव्हणे न्ह्यारीला बसलेले असतात तवा."

त्यांच्या मनात काय होतं ते मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की राग फक्त मी धरलाय.

सकाळी गेटातून आत शिरलो तेव्हा ओटीवर दोन कुटुंबं न्याहारी करत होती. अण्णा खुर्चीत होते. मुलगा हसत पुढे आला, त्याने मागचं दार उघडलं आणि त्याचं हसू गेलं. वाळू, पाण्याचे डाग आणि तो वास.

"ताई, हे काय? मी सांगितलं होतं ना..."

"धुवून घ्या," मी म्हटलं. "दोनदा धुवा."

बाबा तोवर गाडीतून उतरून ओटीसमोर उभे राहिले होते. अण्णांनी चष्मा वर केला. "कोण रे?"

बाबांनी नाव सांगितलं.

"अरे, तू होय!" अण्णांचा चेहरा खरोखर उजळला. "ये, ये, वर ये. चहा घे. तुझ्यासारखा ड्रायव्हर पुन्हा नाही मिळाला हो." पाव्हण्यांकडे वळून त्यांनी सांगितलं, "बावीस वर्षं होता माझ्याकडे. घरच्यासारखा."

"घरच्यासारखा?" माझा आवाज चिरकला. "सीट धुवायला लावलीत ते आठवतं का?"

"कसली सीट?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. ते नाटक नव्हतं, मी बारकाईने बघत होते. ज्या गोष्टीवर मी इतकी वर्षं निखारे फुंकत बसले होते, ती त्यांच्या लेखी घडलीच नव्हती. माझी ठरवून ठेवलेली वाक्यं आता बिनकामाची होती.

बाबा बोलले. आवाज चढवला नाही. जीप कुठे उभी होती, पाव्हणे कुठले, पाणी कुणी ओतलं, अण्णा काय म्हणाले आणि "परत" कसं म्हणाले, सगळं सांगितलं. तांब्या, पान, गोमूत्र. कोण हसलं तेही. समोर घावणं तोडणारी एक मुंबईची बाई थांबली आणि तिने ताट खाली ठेवलं. मुलगा बापाकडे बघत राहिला.

"असेल," अण्णा अखेर म्हणाले. "तो जमानाच तसा होता रे."

"जमान्याचं नाव नको, अण्णा. त्याच दिवशी तुमच्या समोरच्या दुकानातल्या म्हातारीनं मला ओट्यावर बसवून तिच्या तांब्यातनं पाणी दिलं. तिचा पण जमाना तोच व्हता."

अण्णांनी शाल मांडीवर ओढून घेतली. मुलगा पुटपुटला, "काका, बसा तरी. चहा घ्या."

"चहा घेऊन आलोय," बाबा म्हणाले आणि गेटाकडे चालू लागले.

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "बरं वाटलं?"

"अर्धं," ते म्हणाले.

उरलेल्या अर्ध्यासाठी मी पनवेलला परतल्यावर त्या गाडीच्या पानावर रिव्ह्यू लिहिला. गाडी चांगली, ब्रेक उत्तम, इथून सुरुवात केली आणि मग सगळं लिहिलं, एकही विशेषण न वापरता. सरकारी नोकरीत तेवढं शिकलेय. पहिल्याच आठवड्यात लोकांनी तो वाचून एकमेकांना पाठवला.

महिन्याभराने अण्णांच्या मुलाचा फोन आला. मी जेवत होते.

"ताई, तेवढं काढून टाका हो. मी तेव्हा जन्मलो पण नव्हतो. अण्णा आता ओटीवर बसत नाहीत. येणारा-जाणारा बघत राहतो. नीट जेवतसुद्धा नाहीत."

मला वाईट वाटायला हवं होतं. मी खरंच थोडा वेळ थांबले, वाटतंय का बघितलं. नाही वाटलं.

"माझी आईही त्या दिवशी जेवली नव्हती," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

जेवण झाल्यावर मी बाबांना फोन लावला. मुलाचं सगळं बोलणं सांगितलं. तो तेव्हा जन्मलाही नव्हता, हेही सांगितलं. "काढून टाकू का?"

त्यांनी उलट विचारलं, "त्यात तुझ्या आयचं नाव लिवलंयस?"

"नाही. नुसतं 'माझी आई' म्हटलंय."

"मग नाव घाल," बाबा म्हणाले. "पुरतं घाल."

मी घातलं.